दारात अडलेला डबा

माझ्या मामानं देशातल्या सगळ्यात वेगवान गाडीचा पहिला डबा बांधला. तो डबा शेडच्या दारापर्यंत गेला आणि तिथून पुढं कधीच हलला नाही. आल्यागेल्याला ही गोष्ट मी इथूनच सांगायला लागते, आणि ऐकणारा लगेच हसतो. हसू दे. निम्म्या गोष्टीपर्यंत मलाही हसू येतं.

मामा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होता. जुन्या डब्यांची बाकं, खिडक्यांच्या चौकटी, न लागणारी दारं, असलं सगळं त्याच्या हाताखालून जायचं. मी कॉलेजसाठी त्याच्याकडं राहायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की या घरात एकही वस्तू विकत आणलेली नाही आणि एकही वस्तू पुरी झालेली नाही. टेबलाला तीन पाय आणि चौथ्याच्या जागी विटा. कपाटाला एकच दार. स्वयंपाकघरातल्या फळ्यांना रंधा मारायचा राहिलेला, त्यामुळं डबा काढताना बोटात कूस गेली नाही असा दिवस नसे. मामी म्हणायची, "ह्यांचं प्रेम आणि ह्यांचं फर्निचर, दोन्हीचं काम अजून चालू आहे."

पुरी झालेली एकच वस्तू होती, ती म्हणजे मामीची चाकांची खुर्ची. मामी ओल्या फरशीवर घसरून पडली होती आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यानंतर मामानं सुट्टी टाकून ती खुर्ची केली, आणि ती इतकी गुळगुळीत होती, की बाकीच्या घरावर त्यानं सूड उगवलाय असं वाटायचं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की हिला धक्का बसता कामा नये. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच तिचा प्रवास उरला.

मामीचं माहेर म्हणजे एकच माणूस, तिची मोठी बहीण. ती लांबच्या मोठ्या शहरात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. सगळं शहर तिला 'बाई' म्हणायचं. मामी 'ताई' म्हणायची. मामा तिच्या माघारी 'हेडबाई' म्हणायचा आणि समोर गप्प बसायचा. आई गेल्यावर याच बाईंनी मामीला वाढवलं, शिकवलं, आपल्याच शाळेत शिक्षिका करायचं ठरवलं. आणि मामीनं काय केलं, तर शाळेची बाकं दुरुस्त करायला आलेल्या सुताराशी लग्न केलं. बाईंनी तेव्हा सांगून टाकलं, "त्याच्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही." नाही म्हणजे नाहीच ओलांडला. मामी धडधाकट होती तोवर दर वर्षी ती बहिणीकडं जायची. अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस अशी गाडी, खडखडाट एवढा की दात मोजून घ्यावेत. खुबा मोडल्यावर ते जाणं बंद झालं. फोन व्हायचे, पण बाईंचा फोन म्हणजे शाळेची घंटा, वाजली की संपली.

"ताई, तूच ये ना गं एकदा."

"मी शब्द दिलाय."

"पण कुणाला?"

"स्वतःला. बरी आहेस ना? ठेवते."

मामी फोन ठेवून भिंतीकडं बघत बसायची. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हे मी लवकरच शिकले.

अशात पेपरात बातमी आली. आपलं सरकार आणि एक परका देश मिळून भरधाव रेल्वे बांधणार. आमच्या गावावरून निघणार आणि बाईंच्या शहरात दोन तासांत पोचणार. गाडी इतकी सरळ धावणार, की पेल्यातलं पाणी हिंदकळणार नाही. मामानं ती बातमी मोठ्यानं वाचली, मग पुन्हा वाचली, मग चष्मा काढून मामीकडं बघितलं.

"तुला माहेरी नेतो," तो म्हणाला.

"आधी कपाटाला दार लावा," मामी म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता.

खरा डबा कारखान्यात घडवण्याआधी तसाच्या तसा लाकडाचा डबा करायचा असतो. माणसं आत बसवून बघायची, गुडघे अडतात का, हात कुठं जातो, दारातून खुर्ची आत येते का. त्या परक्या देशाची ही रीतच होती. डबा आमच्या वर्कशॉपच्या जुन्या शेडमध्ये बांधायचं ठरलं आणि मामा त्यासाठी साहेबांच्या इतका मागं लागला, की त्यांनी शेवटी कंटाळून त्याचं नाव घातलं.

तिकडून एक सुतार आले. त्यांचं नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणू लागले, आणि वर्षांमागून वर्षं इथं काढली तरी ते पाहुणेच राहिले. बुटके, टक्कल पडलेले, कानामागं कायम पेन्सिल. पहिल्या दिवशी दोघांनी करवती काढल्या आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मामाची करवत ढकलताना कापायची, पाहुण्यांची ओढताना. मामाला वाटलं हा माणूस उलटा आहे. पाहुण्यांनाही तेच वाटलं असणार. पण एक लांब फळी मधे ठेवून दोघं समोरासमोर उभे राहिले, आणि मामा ढकलतोय, पाहुणे ओढताहेत, दोन्ही करवती एकाच दिशेनं चालल्यात, असं झाल्यावर दोघंही खो खो हसले. मैत्री तिथंच जुळली. बोलायला एक शब्द सामाईक नव्हता, आणि मामा म्हणायचा, म्हणूनच भांडण झालं नाही.

सुट्टीच्या दिवशी पाहुणे आमच्याकडं जेवायला येऊ लागले. पहिल्यांदा आले तेव्हा सगळा वेळ त्या एकदारी कपाटाकडं बघत होते. घास तोंडात फिरत होता पण गिळवत नव्हता. पुढच्या आठवड्यात ते हत्यारांची पेटी घेऊनच आले, आणि संध्याकाळपर्यंत कपाटाला दुसरं दार लागलं होतं. मामी म्हणाली, "बघा, आमच्याकडं परदेशी मदतीशिवाय काही पुरं होत नाही." मी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं. त्यांनाही तितकंच मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. ते समजल्यावर इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

कपाटावर दोघी बहिणींचा फोटो होता. त्याबद्दल त्यांनी एकदा विचारलं आणि मामीनं सगळं सांगितलं, बाकं, लग्न, उंबरा, खुबा, सगळं. मला भाषांतर करताना घाम फुटला. पाहुणे ऐकून घेत राहिले. मग उठले, पेलाभर पाणी मामीच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि खुर्ची हळूच ढकलत खोलीभर फिरवली. फरशीच्या जोडावर पाणी सांडलं. त्यांनी मान हलवली आणि सांडलेलं पाणी स्वतःच्या रुमालानं पुसलं. त्यांची स्वतःची म्हातारी आई तिकडं एकटी आहे, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

डबा वाढत गेला. मी कधी मामाचं जेवण घेऊन जायचे तेव्हा बघायचे. आधी सांगाडा, मग भिंती, मग छताची गोलाई. लाकडाचा तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. आतली बाकंसुद्धा लाकडाचीच, वर गादी. फलाटही लाकडाचा केला होता, आणि फलाट आणि डब्याची जमीन अशी एका पातळीत, की डोळे मिटून चाललं तर कुठं फलाट संपला ते कळू नये. मामा डब्यात उभा राहिला की उंच दिसायचा. इतका सुखी मी त्याला घरात कधी पाहिला नाही, आणि याचा मला थोडा रागही यायचा.

रेल्वेचं मात्र घोडं अडत होतं. कधी जमिनीवरून कोर्ट, कधी पुलाचा आराखडा, कधी दोन्ही सरकारांच्या बैठका. दर वर्षी गाडी दोन वर्षांनी येणार होती. बाई सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या. एकदा फोनवर त्यांना धाप लागलेली मामीनं ऐकली. त्या रात्री मामी जेवली नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "अहो, तुमची गाडी आधी येणार, का ताईचं काही..." आणि पुढचं गिळलं.

डब्याच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाच पुढचा बेत कळला होता. डबा ट्रेलरवर चढवून बाईंच्या शहरात न्यायचा, तिथल्या स्टेशनात ठेवायचा आणि तिथल्या लोकांना आत बसवून बघायचं. म्हातारी माणसं हवी होती. वर्कशॉपमध्ये विचारणा झाली, त्या शहरात कुणाचं वयस्क नातेवाईक आहे का. मामानं बाईंचं नाव दिलं. मामीला सांगितलं नाही, मला सांगितलं.

"कशाला?" मी म्हणाले. "त्या तुझं तोंड बघत नाहीत."

"तोंड नको बघू दे. माझ्या हातच्या बाकावर बसेल तरी. एवढ्या वर्षांत बाक सुधारलंय."

आणि बाई हो म्हणाल्या. सरकारी काम म्हटल्यावर त्या नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या.

डबा पुरा झाला आणि न्यायचा दिवस उजाडला. ट्रेलर आला, मोठे साहेब आले, पाहुण्या देशाचे साहेब आले, फोटोवाले आले. डबा रुळांवरून हळूहळू दाराकडं सरकवला. आणि दारात येऊन तो थांबला. दोन्ही बाजूंना वीतवीतभर जास्त होता. जुन्या गाड्यांचे डबे अरुंद, शेड त्यांच्यासाठी बांधलेली. नवा डबा रुंद. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला, म्हणून त्याला बाहेर काढलं.

"दार कुणी मोजलं होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आपल्या लोकांनी पाहुण्यांच्या लोकांकडं बघितलं. हे लोक केसाची जाडीसुद्धा मोजतात, दार मोजलंच असणार, असं आपण धरून चाललो होतो. पाहुण्यांच्या लोकांनी आपल्याकडं बघितलं. शेड यांची, दार यांचं, यांना आपलं दार माहीत असणारच, असं ते धरून चालले होते. दोन देशांनी एकमेकांवर इतका विश्वास टाकला होता, की दाराकडं कुणीच बघितलं नव्हतं. भिंत पाडावी तर दाराच्या दगडी खांबांवरच छप्पर उभं. डबा कापावा तर पाहुण्यांचे साहेब म्हणाले, कापलेल्या डब्याची मापं आमच्या उपयोगाची नाहीत. शेवटी ठरलं, की डबा इथंच राहील आणि तिथली माणसं इथं आणायची.

त्या संध्याकाळी मामा शीळ घालत घरी आला.

"अख्ख्या वर्कशॉपची नाचक्की झाली आणि तुम्ही शीळ घालताय?" मामीनं विचारलं.

"अगं, रडू का मग?" तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. सुताराला दार दिसलं नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मामा रस्त्यानं जातानाही लोकांच्या दारांच्या चौकटी तिरक्या आहेत म्हणून नाकं मुरडायचा. पण त्यानं तोंड उघडलं ते पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका दुपारी चहा पिताना. डब्याच्या भिंती जेमतेम उभ्या राहिल्या होत्या तेव्हा त्याला फरक दिसला होता. बाईंचं नाव नुकतंच देऊन झालं होतं. तो सांगायला म्हणून निघाला, तर शेडच्या दारात पाहुणे टेप लावून उभे. त्यांनी मामाकडं बघितलं, मामानं त्यांच्याकडं. "मग त्यांनी टेप गुंडाळली आणि खिशात घातली," मामा म्हणाला. "मीही माघारी फिरलो. परत त्यावर कधी बोललो नाही. बोलणार तरी कुठल्या भाषेत?"

याची किंमत दोघांनी मोजली. मामाची हेडमिस्त्रीची बढती त्या दारात अडकली ती अडकलीच. पाहुण्यांना त्यांच्या साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं, आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. माप चुकणं त्यांच्या देशात काय समजतात ते मी नंतर वाचलं. तेव्हा वाचलं असतं तर त्यांच्या पाया पडले असते.

पण बाई येतील का, हा प्रश्न राहिलाच. आता चाचणी मामाच्या गावात होणार होती. मामानं मामीला एवढंच सांगितलं, की चाकांच्या खुर्चीसाठी जागा केलीय, ती तपासायला कुणीतरी हवं, तू चल. मामीला कुणकुण लागू नये म्हणून आम्ही दोघं घरात चोरासारखे वावरत होतो. तिकडून निरोप काहीच नव्हता. मामा मला रोज विचारायचा, "येईल ना गं?" आणि मी रोज म्हणायचे, "मला काय ठाऊक?" धीर द्यायला माझी जीभ वळत नसे. आजही वळत नाही.

चाचणीच्या दिवशी वर्कशॉपच्या माणसांनी मामीची खुर्ची अलगद उचलून शेडमध्ये आणली, आणि मी ती लाकडी फलाटावरून डब्यात नेली. एकसुद्धा धक्का बसला नाही. मामीनं शेजारच्या बाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरात का नाही हो असं काम करत?" मामा फलाटावर उभा होता, नवा शर्ट घालून, गळ्याचं बटण आवळून. पाहुणे डब्याच्या टोकाला पाठ करून उगाच एक स्क्रू घट्ट करत होते.

बाहेरगावची माणसं आली. जुन्या गाडीनं रात्रभर आणि वर अर्धा दिवस हादरून आलेली, कुणी काठी टेकत, कुणी कंबर धरून. सगळ्यांत शेवटी बाई आल्या. पांढरं लुगडं, ताठ मान, हातात पर्स. धाप लागलेली होती, पण ती लागलीच नाही असा चेहरा. मामासमोरून जाताना त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. डब्याच्या दारात थांबल्या, खाली बघितलं. फलाट आणि डबा, मधे काहीच नव्हतं. त्या आत आल्या.

मामी खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाई तिच्या शेजारच्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "अंगानं उतरलीस."

मामीनं मान वळवली. नुसता हात पुढं केला, आणि बाईंनी तो असा पकडला, की गर्दीत पोर सुटू नये म्हणून पकडतात तसा.

चाचणीचा नियम होता, की खऱ्या प्रवासाला लागणार तेवढा वेळ बसून राहायचं, म्हणजे पाठ दुखते का ते कळेल. शिट्टी झाली, दारं लागली, आणि तो डबा जागच्या जागी बाईंच्या शहराकडं निघाला. दोघी काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. मी मुद्दाम लांब उभी होते. आईचं काहीतरी चाललं होतं, घराचं, एका मोडक्या छत्रीचं, आणि मधेच दोघी हसत होत्या. मामीला मी त्याआधी असं हसताना पाहिलं नव्हतं. मग बाईंनी बाकाच्या हातावर थाप मारून विचारलं, "कुणी केलंय हे?"

"ह्यांनी."

"हं," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हं."

वेळ संपली. पुन्हा शिट्टी झाली, दारं उघडली. माणसं उठली. या दोघी हलेनात. पोरगेलासा अधिकारी जवळ आला आणि म्हणाला, "आजी, उतरायचं. स्टेशन आलं."

बाईंनी त्याच्याकडं, नापास झालेल्या मुलीकडं बघावं तसं बघितलं. "स्टेशन तुमचं आलं असेल. आम्ही परतीच्या प्रवासाला बसलोय. दार लावून घ्या."

तो मामाकडं बघू लागला. मामानं दार लावून घेतलं. आणि आम्ही सगळे, साहेब, पाहुणे, मी, बाहेर फलाटावर तो परतीचा प्रवास संपायची वाट बघत उभे राहिलो. मामा दाराला पाठ लावून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. पाहुणे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

बाई उतरल्या तेव्हा अंधारून आलं होतं. त्या घरी आल्या नाहीत. मामीनं आग्रहही केला नाही. पण मामासमोर त्या थांबल्या. दार एकदा ओढून बघितलं, सोडलं, पुन्हा ओढलं.

"चांगलं लागतं," म्हणाल्या, आणि बसकडं निघून गेल्या.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. मामीला जाता आलं नाही. पण ती मोडून पडली नाही. "मी जाऊन आलेय माहेरी," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली आलं नाही. पाहुणे मायदेशी परतले. मग मामी गेली, मग मामा. गाडी सुरू झाली ती त्यानंतर. मी बसले तिच्यात. जाताना पेल्यात पाणी घेतलं होतं. खरंच हिंदकळलं नाही. दोन तासांत बाईंचं शहर आलं. मी फलाटावर उतरले, उभी राहिले. माणसं भराभर आपापल्या घरी निघून गेली. त्या शहरात आता आमचं कुणी नाही.